स्वप्नांना नाही म्हणणारे सर

समोर ठेवलेला कागद सर कधी हातात घेत नसत. टेबलावर होता तिथंच वाचत आणि वाचून झाला की उजव्या हाताच्या एका बोटानं परत आमच्याकडे ढकलत. अगदी सावकाश, टेबलाच्या कडेपर्यंत. कागद कडेला लोंबू लागला तरी बोट थांबायचं नाही. आपण वेळीच पकडला नाही तर तो खाली पडायचा आणि त्यांच्यासमोर वाकून उचलावा लागायचा. ढकलताना ते एकच शब्द बोलत, "सुम्ने." कन्नडमध्ये सुम्ने म्हणजे उगाच.

मला ते आवडत नव्हते, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेला की त्याच्याविषयी गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. पण अशा एखाद्या साहेबाच्या हाताखाली तुम्हीही दिवस काढले असतील, तर माझ्याकडून गोडव्याची फार अपेक्षा ठेवणार नाही.

मी मूळची कऱ्हाडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे मैसूरला आले आणि इथल्या एका खासगी कॉलेजात मानसशास्त्र शिकवू लागले. सर आमचे विभागप्रमुख. त्यांचे पूर्वज कधीकाळी मैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आलेले, घर मंडी मोहल्ल्यात. आडनाव मराठी, घरी बोलणं मराठी. परक्या गावात आपलं माणूस भेटलं म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांच्याशी हौसेनं मराठीत बोलायला गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथं मराठी बेडा, मॅडम." बेडा म्हणजे नको. त्यानंतर ते माझ्याशी इंग्रजीतच बोलत. रागवायचं असलं की मात्र मराठी. बाकीच्यांना कळू नये म्हणून असेल, असं मी सुरुवातीला समजले. पण आवाज इतका चढलेला असे की भाषा न कळणाऱ्यांनाही सगळं कळायचं.

मला ते "पुण्याच्या मॅडम" म्हणत. मी कऱ्हाडची, हे कितीदा तरी सांगून पाहिलं. "तेच ते," म्हणत.

त्यांच्या खोलीत कुणी जास्त वेळ बसलं की ते उठून पंखा बंद करत. एका सहकाऱ्यानं मुलीच्या बारशासाठी रजा मागितली, तर बारशाला बापाचं काय काम, असं त्यांनी विचारलं. रजा दिली नाही. विद्यार्थी त्यांना घाबरत, आम्हीही घाबरत होतो, आणि ते त्यांना आवडत असावं.

आमच्या शेजारी एक तरुण मुलगी राहते. बँकेत नोकरी करते, माहेर कृष्णराजनगरचं, जुन्या मराठी घराण्यातली. मराठी समजते, बोलताना मात्र ती दोन वाक्यांनंतर कन्नडवर घसरते. एकदा जिन्यात सहज म्हणाली, वारलेली आजी तिच्या स्वप्नात येते आणि मराठीत बोलते. ही कन्नडमध्ये उत्तर देते, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. मला ते इतकं आवडलं की मी ओळखीच्या मराठी घरांमधून विचारत सुटले. तुमची गेलेली माणसं स्वप्नात कोणत्या भाषेत बोलतात? लोक आधी हसत, मग खुर्ची ओढून बसत आणि सांगू लागत. मी ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवलं.

त्याच सुमारास स्वप्नांच्या अभ्यासावरच्या एका परदेशी परिषदेचं निवेदन पाहण्यात आलं. निबंध ऑनलाइनही सादर करता येणार होता. आधी पानभर प्रस्ताव पाठवायचा, तो स्वीकारला तर बोलायचं. आमच्या कॉलेजात विभागप्रमुखाच्या संमतीशिवाय कॉलेजच्या नावानं काही पाठवता येत नाही. मी पान लिहिलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी वाचलं. बोट पुढं आलं. "सुम्ने. कनसु म्हणजे काय डेटा? सकाळी उठून कोण काय पण सांगेल." कनसु म्हणजे स्वप्न.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी विसरून गेले असते. पण त्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं की आमच्या पुण्याच्या मॅडम आता स्वप्नांचे अर्थ सांगणार आहेत, पुढच्या महिन्यापासून हातही बघतील. सगळे हसले. बारशाची रजा न मिळालेला सहकारीसुद्धा हसला. मी बाहेर जाऊन तोंड धुतलं आणि ठरवलं की हा प्रस्ताव आता जाणारच.

थोड्या दिवसांनी मी सुधारलेलं पान घेऊन परत गेले. यात शेजारणीच्या आजीचं वाक्य उदाहरण म्हणून घातलं होतं, 'बाळ, जेवण झाल्यावर दिवा मालव.' सरांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"हे कोण बोललं?"

मी सांगितलं.

"तिची आजी 'मालव' म्हणाली? आमच्यात कुणाला 'मालव' माहीत नाही. दिवा आरिसु कर म्हणत्यात. तुम्ही त्या बिचारीच्या आजीला पुण्याला नेऊन आणलं."

घरी येऊन मी रागारागानं ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. मुलगी स्पष्ट 'आरिसु' म्हणाली होती. लिहिताना माझ्या हातानं आपोआप ते माझ्या मराठीत आणलं होतं. मग मी एकेक वाक्य परत ऐकलं आणि जसं बोललं गेलं तसंच, कन्नडसकट लिहून काढलं. प्रस्ताव पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला झाला. सरांना मी हे कधी सांगितलं नाही. त्यांना ते सांगावं, असं त्यांचं वागणंही नव्हतं.

शेवटची तारीख जवळ आल्यावर मी तिसऱ्यांदा गेले. दुपारची वेळ, विभागात कुणी नव्हतं. त्यांनी या वेळी पान दोनदा वाचलं.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणूनच बेडा."

मला कळलं नाही. बरोबर आहे तर सही का नाही, असं मी विचारलं. माझाही आवाज चढला होता.

"आमची मराठी तुटकी आहे, हे जगाला दाखवणार तुम्ही. लोक हसणार."

कुणी हसणार नाही, तिथं मराठी येणारं कुणी नसेलच, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी खुर्ची वळवली. मग खिडकीकडे बघत मराठीत बोलू लागले. आवाज चढवलेला नव्हता. त्यांच्या तोंडून तशी मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते शाळेत असताना पुण्याला नात्यातलं एक लग्न होतं. त्यांची आई मोठ्या उत्साहानं गेली. सगळे आपलेच लोक, आपलीच भाषा, असं ती प्रवासभर म्हणत होती. तिथं पंगतीत तिनं कुणाला तरी 'अन्न वाढू का' विचारलं. तिला भात म्हणायचं होतं. भाताला कन्नडमध्ये अन्न म्हणतात, मैसूरच्या मराठी घरांतही तेच चालतं. बायका हसल्या. मग प्रत्येक पंगतीला कुणी ना कुणी तिला मुद्दाम विचारू लागलं, काय वाढताय? आईनं भांडं खाली ठेवलं. लग्न संपेपर्यंत ती कुणाशी एक अक्षर बोलली नाही.

"अजून येते कनसुत," सर म्हणाले. "समोर बसते. मी विचारतो, अम्मा, जेवलीस का? तोंड हलवत नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांना ते नकोसं झालं असावं.

"हे लिहायचं नाही," ते म्हणाले. मग बोटानं कागद ढकलला, कडेपर्यंत. मी तो पकडला.

तुम्हाला वाटेल, यानंतर त्यांनी सही केली असेल. नाही केली. मी कॉलेजचं नाव काढून स्वतःच्या नावानं प्रस्ताव पाठवला. सरांना कुठून तरी कळलं आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला. माझी नोकरी त्या वर्षी कायम व्हायची होती. सरांनी माझ्या कामाबद्दल जे लिहून पाठवलं त्यामुळे ती कायम झाली नाही. पुढचं सबंध वर्ष मी कंत्राटावर काढलं. त्या दुपारनंतर या माणसाबद्दल जरा मऊपणा वाटू लागला होता, तोही त्या पत्रानं संपवला. दुखावलेला माणूस दुसऱ्याला दुखवायचं टाळतो, असं मी वर्गात कधी शिकवलं असेल तर ते तेव्हापासून बंद केलं.

प्रस्ताव स्वीकारला गेला. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी निबंध सादर केला. शेजारची मुलगी तिच्या आजीचं वाक्य ऐकायला मागं येऊन बसली होती. शेवटी कुठल्या तरी देशातल्या एका बाईंनी विचारलं, मेलेली माणसं स्वप्नात येतात पण बोलत नाहीत, असं तुम्हाला कुणी सांगितलं का? मी म्हटलं, असं असू शकेल, पण माझ्या नोंदींत ते नाही.

सरांनी त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. निवृत्तीच्या दिवशी प्राचार्यांचं भाषण चालू असताना ते उठले, शाल खुर्चीवर ठेवली आणि निघून गेले. त्यांना थांबवायला कुणी गेलं नाही. मीही गेले नाही.

त्यानंतर माझ्या सासूबाई वारल्या. अस्थी घेऊन आम्ही टी. नरसीपूरला, कावेरी आणि कपिलेच्या संगमावर गेलो. पायऱ्या उतरत असताना ओळखीचा चढलेला आवाज कानावर आला. ओलं धोतर, उघडं अंग, सर पुरोहिताशी भांडत होते. त्यांच्या आईचं श्राद्ध होतं. तिचं नाव सखूबाई, आणि पुरोहित प्रत्येक वेळी साकम्मा म्हणत होता. तो म्हणाला, देवाला सगळं कळतं, स्वामी. सर म्हणाले, देवाला कळत असेल, तिला कळायला नको? आणि त्याला पहिल्यापासून सगळं म्हणायला लावलं. बाजूचे लोक कुजबुजत होते. हातातलं पाणी निथळून गेलं तरी सर ओंजळ तशीच धरून उभे होते, नाव नीट येईपर्यंत.

विधी संपवून वर येताना त्यांनी मला पाहिलं. नमस्कार नाही, काही नाही. नवऱ्याच्या हातातल्या तांबड्या फडक्यात बांधलेल्या कलशाकडे पाहून विचारलं, "कोण?"

"सासूबाई."

त्यांनी मान वळवून पुरोहिताला कन्नडमध्ये दरडावलं, यांचं आधी कर, उन्हात उभं ठेवू नकोस. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाव नीट सांगा. हे लोक काय पण म्हणतात." आणि ओल्या पावलांनी पायऱ्या चढून गेले. तेच त्यांचं शेवटचं दर्शन. पुढं ते गेल्याचं मला कॉलेजातून कळलं, तेही तेरावं होऊन गेल्यावर.

त्या दिवशी पुरोहित आमच्यासमोर येऊन बसला. दर्भ काढले आणि नाव विचारलं. मी सांगितलं, इंदुमती.

"इंदिरम्मा," तो म्हणू लागला.

नवरा म्हणाला, जाऊ दे. मी पुरोहिताला थांबवलं आणि पहिल्यापासून म्हणायला सांगितलं.