हिरव्याखालचं तांबडं

आमच्या मामासासऱ्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा सापडणार नाही, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगितलं तर घाबरून तेही मान्य करतील. मामासासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. गॅसचं बटण तीनदा तपासून घराबाहेर पडायचे आणि कोपऱ्यावरून चौथ्यांदा तपासायला परत यायचे. अनोळखी नंबरचा फोन कधी उचलायचे नाहीत आणि उचलला नाही म्हणून दिवसभर धास्तावून बसायचे. अशा माणसानं बावीस वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली. ती इतकी हळू, की एकदा मागून येणाऱ्या उसाच्या बैलगाडीवाल्यानं "पावणं, जरा बाजूला घ्या की" म्हणून आवाज दिला होता. सिग्नल हिरवा झाला तरी मामा क्षणभर थांबूनच राहायचे. आडव्या रस्त्यावरचे सगळे खरोखर थांबलेत याची खात्री काय, असा त्यांचा सवाल असे, आणि कोल्हापुरात राहणाऱ्या कुणालाही त्याचं उत्तर देता यायचं नाही.

ही सगळी भीती त्यांच्या नाकावर येऊन बसायची. नाक आणि दोन्ही गाल एरवीच तांबूस. त्यात समोरून ट्रक आला, कुत्रं आडवं गेलं, की ते पिकल्या मिरचीसारखे लाल व्हायचे. कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्वचा नाजूक आहे, धोका काही नाही, फक्त ऊन, तिखट आणि काळजी टाळा. ऊन टाळायला मामा टोपी घालू लागले. तिखट टाळायला त्यांनी लग्नाकार्यात तांबडा रस्सा सोडून नुसता पांढरा घ्यायला सुरुवात केली, ज्यामुळे आमच्याकडे माणसाबद्दल उगाच शंका घेतात. काळजी मात्र टाळता येईना, उलट आपण काळजी करतोय याचीच त्यांना काळजी लागली. दारूच्या थेंबाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचून घेत. पण नाक वेगळंच सांगायचं. एके दिवशी मंगळवार पेठेतल्या थांब्यावर एका मुलीची आई दुसरीला म्हणाली, "ड्रायव्हर घेतोय वाटतं. नाक बघा की त्याचं." पुढच्या आठवड्यात शाळेत पालकांची सभा होती, तिथं ती हे बोलणार होती. मामांनी सगळं ऐकलं. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. व्हॅन गेली असती तर सकाळी उठून जायला त्यांना दुसरी जागाच नव्हती.

घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे, बाहेर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी. मामा मागच्या दारानं आले, तोंडावर रुमाल धरून. "सूनबाई, हे झाकतंय काय बघ. पण कुणाला सांगू नको." ज्यांच्या सणासुदीला पाया पडते त्यांच्या गालाला हात कसा लावायचा, असा मला प्रश्न पडला. शिवाय उद्या तोंड सुजलं तर सासरची सगळी मंडळी माझ्याच नावानं खडे फोडणार. मी कटलरीच्या दुकानातून स्वस्तातली हिरव्या क्रीमची एक ट्यूब आणली, सोसतंय का बघायला त्यातलं थोडं मामांच्या कानामागं लावलं आणि एक दिवस थांबायला सांगितलं. तो अख्खा दिवस मामा कान चाचपत होते. दुसऱ्या दिवशी क्रीमचा रंग बघून ते म्हणाले, "हिरवं? ह्या वयात माझा पोपट करतीस व्हय?" मग मी त्यांना समजावलं, की धुतलेल्या कपड्याचा पिवळेपणा जसा नीळ मारते, तसा तांबडेपणा हिरवा मारतो. मामा आपले पांढरे सदरे स्वतःच धूत, त्यामुळं ते पटलं; पण नीळ जास्त झाली की सदरा निळा पडतो, हेही लगेच आठवलं. म्हणून मोहरीएवढंच घेतलं, लाल होतं तेवढ्यावरच बोटानं टिपलं, चोळलं नाही. वर त्यांच्या रंगाचं क्रीम, त्यावर पावडर. दात काढायला बसावं तसे मामा डोळे घट्ट मिटून बसले होते. आरशात बघून त्यांनी हळूच विचारलं, "हे कुणाचं तोंड म्हणायचं?"

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. त्या थांब्यावर त्याच बाईंची लहान मुलगी व्हॅनच्या पायरीवर पाय ठेवून थबकली, मामांकडं बघितलं आणि पाय मागं घेतला. म्हणाली, "हे आमचं तांबडं मामा न्हाईत." मामांना वाटलं, म्हणजे पोरंसुद्धा आपल्याला हेच म्हणतात, पोरांनाही आपण घेतो असंच वाटतं. आई दटावायला लागली, तशी पोरगी तिच्या ओढणीला धरून सांगू लागली, "मामांचं नाक तांबडं असतंय. ट्रक आला की लई तांबडं हुतंय. मामा भ्यालेत म्हणून मग आम्ही सगळी गप बसतो. ह्यांचं तर हुईतच न्हाई." आतली पोरं माना डोलवत होती. इतक्या वर्षांत मामांना याचा पत्ता नव्हता. त्यांनी बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला आणि तिथंच तोंड पुसायला घेतलं. आधी वरचा रंग गेला, मग थोडा वेळ हिरवं नाक दिसलं, तेव्हा पोरं खिदळली, आणि मग खालून तांबडं आलं. पोरगी निमूट आपल्या जागेवर जाऊन बसली.

सभेच्या दिवशी मामा शाळेच्या फाटकाबाहेर उभे होते. आत त्या बाईंनी तो विषयच काढला नाही. बाहेर पडताना फक्त म्हणाल्या, "उद्या वेळेत या, मामा." ड्रायव्हरचा मामा झाला, एवढंच मामांनी मला चारचारदा सांगितलं.

यंदा त्यांनी आपणहून व्हॅन सोडली. डोळ्यांना कमी दिसतंय हे इतर कुणाच्याही आधी त्यांच्या भीतीला कळलं. शेवटच्या दिवशी सकाळी ते पुन्हा मागच्या दारानं आले. "सूनबाई, आज जरा दाट लाव. मला रडू आलं तर पोरं भितील." मी लावलं. मोहरीच्या जागी वाटाण्याएवढं घेतलं.

दुपारी परत आले तेव्हा दोन्ही गालांवरून ओघळ गेले होते आणि मध्ये तांबडं उघडं पडलं होतं. पोरांना काही कळलं का, असं मी विचारलं.

"छ्या," मामा म्हणाले, "कुणाला काय बी कळलं न्हाई. सगळी आपली घर येईपतोर गप बसून हुती."

मी कापूस ओला केला आणि राहिलेलं हिरवं पुसून काढलं.