अनंताची मनातली उत्तरं

नारपोलीच्या कापड कारखान्यात दहा वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवलेल्या अनंता भोईराला १९७४ साली जॉबर, म्हणजे मागवाल्यांचा मुकादम, म्हणून बढती हवी होती, पण शेठची अट सातवी पासची, म्हणून त्यानं रात्रशाळेत नाव घातलं. डोळ्यांनी वाचलेलं अनंताच्या डोक्यात शिरतच नसे. चालू लूमशेजारी मोठ्यानं म्हटलेला धडा मात्र पक्का बसे. म्हणून सातवीच्या परीक्षेतही तो पुटपुटत लिहू लागला. खडखडाटानं कान मंद झालेल्या माणसाचं पुटपुटणं ते! सगळा वर्ग त्याची उत्तरं भराभर उतरवून घेऊ लागला.

"अनंतराव, पेपर लिहिताय का दवंडी पिटताय?" गुरुजींनी विचारलं.

"मनातच बोलतोय, गुरुजी. मोठ्यानं न्हाय."

वर्ग हसला. अनंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजींनी त्याला पटांगणात एकटं बसवलं. तिथं त्यानं मान खाली घालून, ओरडत पेपर पुरा केला.

तो पास झाला. निकाल आणायला मात्र त्यानं बायकोला धाडलं.