सहाव्या प्रकरणाच्या बेचाळीस शंका

गडहिंग्लज सोडलं त्या दुपारी माझ्या हातात एकसष्ट वस्तूंची यादी होती आणि साठ वस्तूंवर खूण झाली होती. राहिली होती पासपोर्टची झेरॉक्स. ती शोधत मी घरभर फिरत होते आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, एक फाइल घेऊन माझ्या मागे मागे फिरत होते. रिक्षा दारात आली तेव्हा त्यांनी ती माझ्या पिशवीत सरकवली. "पहिलं प्रकरण आहे. बॅगेत टाकू नकोस, हातात ठेव," एवढंच म्हणाले. मी यादीत बासष्टावी ओळ घातली आणि तिच्यावर खूण केली, हे नीट आठवतं. त्यांच्याकडे बघितलं की नाही, ते आठवत नाही.

अण्णांनी तिथल्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. इंग्रजी कादंबरी जन्मली कशी, हे खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना मराठीतून सांगणारं पुस्तक त्यांना लिहायचं होतं. एकूण आठ प्रकरणं. ते हाताने लिहिणार आणि मी दुबईत टाइप करणार असं ठरलं. मी त्यांच्याच वर्गात बसून शिकले होते, त्यामुळे हे काम दुसऱ्या कुणाचं असेल असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

इथे मला एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलरची नोकरी मिळाली. आमच्याकडे कुठलंही ड्रॉइंग तपासून परत येतं ते शेऱ्यांच्या तक्त्यासकट. प्रत्येक शेऱ्याला नंबर, समोर उत्तर, शेवटच्या रकान्यात ओपन किंवा क्लोज्ड. सगळे शेरे क्लोज झाल्याशिवाय पुढचं ड्रॉइंग घ्यायचं नाही. मला हे काम पहिल्या दिवसापासून आवडलं. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची. अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये जेवणं उरकली की मी अण्णांचं प्रकरण टाइप करायला बसायची, आणि टाइप करता करता शेजारी दुसरी फाइल उघडायची. तिचं नाव 'शंका'.

पहिल्या प्रकरणाला अकरा शंका निघाल्या. अण्णा फोनवर हसले. "मी तीस वर्षं पेपर तपासले, आता माझा पेपर तू तपास." त्यांना अभिमान वाटला होता, मलाही.

पोस्टावर त्यांचा भरवसा नव्हता आणि स्क्रीनवर वाचणं त्यांना जमत नसे. मग इथे सगळे करतात तेच केलं, गावी जाणाऱ्याच्या हाती पाकीट दिलं. आमच्या तालुक्यातला तानाजी इथे साइटवर परांची बांधायचा. वर्षातून एकदा तो सुट्टीवर जायचा. जाताना माझ्या शंका न्यायचा, येताना अण्णांची उत्तरं आणि नवं प्रकरण आणायचा. "ताई, यंदा कागुद वाढला की," पाकीट हातात तोलत म्हणायचा. "सरांस्नी नापास करताय काय?"

अण्णांनी लिहिलेलं अजून मला पानांसकट आठवतं. राजे आणि सरदार बाजूला झाले, आणि गोष्टीत दुकानदार, मोलकरणी, कर्जबुडवे आले. लिहिणाऱ्यांना आपण काय लिहितोय याचं नावही ठाऊक नव्हतं. म्हणून प्रस्तावनेत ते खुशाल सांगत, ही खरी हकिकत आहे, मी फक्त सापडलेले कागद छापतोय. चौथं प्रकरण पत्रांवर होतं. अण्णांचं म्हणणं असं की इंग्रजी कादंबरीला माणसाचं मन सापडलं ते पत्रांत. घरापासून दूर गेलेली एखादी मुलगी रोज पान पान लिहिते, तिला पुढे काय होणार हे तिलाच माहीत नसतं, आणि म्हणून वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. ही पुस्तकं ओबडधोबड होती, मध्येच भरकटणारी, नको तितकी लांब. तरी लोकांनी ती वाचनालयांतून मागून मागून नेली.

या पानांवर माझ्या शंका अशा होत्या. पान ६, 'वाचक रडले', कोणते वाचक? आधार द्यावा. पान ११, 'मेणबत्त्या परवडत नसत', कुणाला? पान २३, एकदा 'कादंबरी' आणि एकदा 'नॉव्हेल', एक काय ते ठरवावे.

चौथ्या प्रकरणानंतर तानाजी परत आला, तेव्हा पाकीट देऊन लगेच गेला नाही. दारातच घुटमळला. "एक सांगू का ताई? सरांनी तुमचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. कागद बाहेर काढले आणि पाकीट उलटं करून झटकलं. परत आत बघितलं. म्हणाले, 'तानाजी, यात आणखी काही नव्हतं का रे?'" मी म्हटलं, नव्हतं. तो म्हणाला, "व्हय, मीबी तेच सांगितलं." त्या दिवशी मी डायरीत 'अण्णांना पत्र लिहिणे' अशी ओळ घातली. ती ओळ मी पुढच्या डायरीत उतरवली, मग त्याच्या पुढच्यात.

पाचव्या प्रकरणाला एकतीस शंका. सहाव्याला बेचाळीस. सातवं प्रकरण लिहिणाऱ्या बायकांवर असणार होतं. अण्णा फोनवर म्हणाले, "सुमा, सातवं डोक्यात तयार आहे. आधी ते लिहून टाकू का? शंकांचं मागाहून बघू." मी म्हटलं, "नको अण्णा, आधी सहावं क्लोज करू. नाहीतर गोंधळ होईल." ऑफिसात जशी बोलते तशीच बोलले. ते म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तसं."

तानाजी पुढच्या वर्षी रिकाम्या हाताने आला. त्याच्या पुढच्या वर्षी बेचाळीसपैकी आठ उत्तरं आली. अक्षर उतरणीला लागलेलं होतं, आणि तिसऱ्या व सातव्या शंकेला एकच उत्तर दोनदा लिहिलेलं होतं. मी ते लाल करून परत पाठवलं. मग धाकट्या भावाचा, श्रीचा, फोन आला की अण्णा बाजारातून घरी यायचा रस्ता विसरले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं.

अण्णांची सुटका व्हावी म्हणून श्रीने एकदा माझी शंकांची यादी कपाटात लपवली. अण्णांनी दिवसभर घर पालथं घातलं, जेवले नाहीत. शेवटी त्याने परत दिली. तेव्हापासून ते रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या बेचाळीस शंकांपुढे बसतात.

माझी मुलगी सई इथेच वाढली. तिला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मम्मा, यू कुड हॅव जस्ट लेट हिम राइट." रागाने नाही म्हणाली, म्हणून जास्त लागलं. सहा प्रकरणं छापून टाक, असं श्री म्हणतो. पण वाचक कोणते रडले, हे आता अण्णांनी न सांगताच त्या पानांतून कळतं. कळत नाही ते फक्त सातवं. ते कुठल्याही कागदावर नाही. माझ्यासारख्या घर सोडून इथे आलेल्या सगळ्यांनीच घरून काही ना काही मागवलं असेल. मी उत्तरं मागवली.

मागच्या रविवारी श्रीने व्हिडिओ लावला. अण्णा टेबलाशी होते. "अण्णा, बघा कोण आहे," श्री म्हणाला. त्यांनी चष्मा सारखा करून माझ्याकडे पाहिलं, आणि प्राचार्य वर्गात आल्यावर उठावं तसे खुर्चीतून अर्धवट उठले.

"बाई, उशीर झाला. रागावू नका. नवव्या शंकेवर आहे."

"शंका मिटल्या सगळ्या," मी म्हटलं. "एकही राहिली नाही. तुम्ही पुढचं प्रकरण लिहा."

ते श्रीकडे वळले आणि मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "पुढचं कशाचं रे?"

सुट्टी मंजूर आहे, तिकीटही काढलंय. मी जाईन, त्या टेबलाशी बसेन, आणि मला बघून ते पुन्हा उठून उभे राहतील. घर म्हटलं की आता मला ती एकच खोली दिसते, जिथे माझे वडील मला घाबरून रोज सकाळी कामाला बसतात.