टीचर, रस्ता मोकळा आहे

फर्नांडिस टीचर हॉटेलात पोचल्या, असं माझ्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं होतं. आणि फोनवर त्याच हॉटेलचा मालक रामोन विचारत होता, "तुमच्या बाई कुठे राहिल्या? जेवण गार झालं."

"पोचल्यात ना," मी म्हणालो. "अर्धा तास झाला."

"इथे मी आहे आणि माझं कुत्रं आहे. तिसरं कोणी नाही."

मी परत स्क्रीन बघितली. टीचरांचा ठिपका रामोनच्या दारातच उभा होता.

आधी माझं काम सांगतो. बहरीनच्या गुदैबिया भागात एका खानावळीच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. बहरीनमधल्या लोकांना आम्ही स्पेनच्या डोंगराळ भागात सायकल टूरला पाठवतो. सोबत गाईड नसतो. मी कॉम्प्युटरवर आखलेली रेघ पाहुण्याच्या फोनमध्ये असते, तिला ट्रॅक म्हणतात. पाहुणा त्या ट्रॅकवरून जातो आणि त्याचा ठिपका इथे माझ्यासमोर सरकतो. मी स्वतः स्पेन पाहिलेला नाही. सॅटेलाइटचा फोटो बघतो, नकाशा बघतो, चढ बघतो, वाहनं किती जातात ते बघतो आणि रेघ मारतो.

टीचर मूळच्या सावंतवाडीच्या, वय एकसष्ट. माझ्या मुलीला त्यांनी चार वर्षं शिकवलं. दोन वर्षांपूर्वी बुदैया हायवेवर एका गाडीने त्यांना सायकलसकट उडवलं होतं. तेव्हापासून मागे इंजिनाचा आवाज आला की त्यांचे हात कापायचे. रिटायर होऊन कायमचं गावी जाण्याआधी त्यांना एकदा न घाबरता सायकल चालवायची होती.

"मिलिंद, चढ कितीही दे," त्या म्हणाल्या होत्या. "पण एकही गाडी नको."

मला तसा रस्ता सापडला. दोन डोंगरांच्या मधली दरी, जुना डांबरी रस्ता, वाटेत लहानसं गाव, गावात चर्च. वाहनांची नोंद शून्य. मी जाम खूश झालो. एकच गोष्ट जुळत नव्हती. नकाशात त्या दरीवर निळा रंग होता, म्हणजे पाणी. फोटोत मात्र कोरडी, पांढुरकी जमीन होती, रस्ता होता, भिंती होत्या.

आता बहरीनमध्ये नकाशाचं काम केलेला कोणीही माणूस इथे काय करेल ते सांगतो. इकडे समुद्रात भराव टाकून जमीन करतात. मी अरादला राहतो. माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याचे माझ्या डोळ्यांदेखत प्लॉट पडले. नकाशा निळा आणि फोटोत जमीन, म्हणजे नकाशा जुना झाला. निळं पुसायचं, पुढे जायचं. अठरा वर्षं मी हेच करत आलो. तेव्हाही निळं पुसलं आणि दरीतून रेघ मारली.

वर आणखी शहाणपणा केला. टीचरांना सायकल चालवताना स्क्रीनकडे बघायला जमत नाही, म्हणून वळणावळणाच्या सूचना मी माझ्याच आवाजात, मराठीत रेकॉर्ड करून दिल्या. 'सरळ जा, टीचर, रस्ता मोकळा आहे.' 'डावीकडे चर्च दिसेल.' असं सगळं.

रामोनला लाइनवर ठेवून मी ठिपक्याचा प्रवास मागे नेला. सकाळी तो माणसासारखा चालला होता. चढावर रेंगाळला, उतारावर पळाला, दोनदा थांबला. बहुतेक पाणी प्यायला. आमच्या बारा वाजता तो दरीच्या तोंडाशी आला आणि तिथून त्याची चाल बदलली. तासाला बारा किलोमीटर. चढावर बारा, उतारावर बारा, वळणावर बारा. कुठेही थांबणं नाही. एकसष्ट वर्षांची बाई डोंगरात अशी चालत नाही. कोणीच चालत नाही.

मग माझ्या लक्षात आलं. सिग्नल गेला की आमचं ॲप अंदाजाने ठिपका पुढे सरकवतं. घरच्यांना उगाच घोर नको, म्हणून ते सेटिंग मीच चालू केलेलं होतं. म्हणजे बारा वाजल्यापासून त्या ठिपक्यात टीचर नव्हत्याच. ठिपका एकटाच दरी ओलांडून, गावातून, चर्चसमोरून हॉटेलात पोचला होता.

"रामोन, दरीतल्या जुन्या रस्त्याने किती वेळ लागतो?"

"त्या रस्त्यावर तुम्ही त्यांना पाठवलंत?"

"हो. का?"

"तिथे धरण आहे. फार वर्षं झाली. दुष्काळात गाव वर येतं. या वर्षी पाऊस झालाय, चर्चचा घुमटसुद्धा बुडालाय."

म्हणजे माझ्याकडचा फोटो दुष्काळातला होता. आमचे मालक यूसुफ साहेब बहरीनी, पण हिंदी झकास बोलतात. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"मिलिंदभाई, ॲप तो बोलता है वो इस तरफ है. हॉटेल के पास देखने को बोलो. यल्ला, जल्दी."

"साहब, ॲप झूठ बोल रहा है," मी म्हणालो. "वो उस तरफ है. जहां बारा बजे थी, वहीं."

"पक्का?"

पक्कं काहीच नव्हतं. पलीकडच्या काठाला जायला धरणाला वळसा, गाडीने चाळीस मिनिटं. माझं चुकलं असतं तर जायला चाळीस, यायला चाळीस, आणि टीचर एकट्या. मी म्हणालो, "पक्का." रामोनने बचाव पथकाला कळवलं आणि स्वतः गाडी काढून दरीच्या तोंडाकडे निघाला.

ती चाळीस मिनिटं मी खुर्चीतून हललो नाही. यूसुफ साहेब अधूनमधून "इंशाल्ला" म्हणत होते. स्क्रीनवर ठिपका हॉटेलच्या दारात उभाच होता, हिरवागार. मला त्याची भीती वाटायला लागली होती. शेवटी मी स्क्रीन बंद केली.

टीचर सापडल्या. पाण्यापासून दहा पावलांवर, दगडाला टेकून बसलेल्या. घोटा सुजलेला, कपडे ओले, पण शुद्धीवर. संध्याकाळी दवाखान्यातून त्यांचा फोन आला.

"धुकं होतं रे," त्या म्हणाल्या. "रस्ता छान डांबरी, बाजूला झाडं, किलोमीटरचा दगड. सारखा खाली उतरत होता. पाणी आहे हे पुढचं चाक भिजलं तेव्हा कळलं. ब्रेक मारला आणि चिखलात आडवी झाले. उठताच येईना, सरपटत बाहेर आले. ओरडले, पण ऐकायला कोण? तूच तर म्हणालास, एकही गाडी नाही."

"माझंच चुकलं, टीचर."

"आणि तू बोलतच होतास."

"मी?"

"फोन चालू होता ना. मी काठावर पडलेली, आणि तू सांगतोयस, सरळ जा, टीचर, रस्ता मोकळा आहे. मग म्हणालास, डावीकडे चर्च दिसेल. मी बघत होते डावीकडे. नुसतं पाणी आणि धुकं. मग म्हणालास, पोचलात, टीचर, आता आराम करा."

"बंद का नाही केलात?"

"तेवढीच माणसाची सोबत होती," त्या म्हणाल्या.

फोन ठेवला आणि मला रडू आलं. यूसुफ साहेबांनी चहा मागवला.

त्या रडण्यामागे त्यांना न सांगितलेली एक गोष्ट होती. माझ्या आईचं माहेर सातारा जिल्ह्यात, धरणात गेलेलं. लहानपणी मे महिन्यात पाणी उतरलं की आई मला काठावर न्यायची. देवळाचा कळस वर यायचा, पाटलाच्या वाड्याची भिंत यायची. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे. ती कधीच वर आली नाही. आई नुसतं पाण्याकडे बोट करून सांगायची, इथून वाट होती, इथे वळायचं, इथे आमचं दार. मी मान डोलवायचो.

म्हणजे पाण्याखाली रस्ता असतो, हे आमच्या ऑफिसात एकट्या मलाच माहीत होतं. आणि निळं पुसलं मीच.

ते अंदाजाचं सेटिंग मी बंद करून टाकलं. सिग्नल गेला की ठिपकाही जातो, सूचनाही थांबतात. घरचे घाबरून फोन करतात. करू देत. सूचना आता मशीनच्या आवाजात असतात. आणि वाहनांची नोंद शून्य असलेला रस्ता दिसला, की त्या गावातल्या कोणाला तरी फोन करून मी आधी विचारतो, इथून लोक जायचे कधी थांबले?