गुळवेलीचा काढा

परवा बाजारात कुणीतरी ओली गुळवेल विकायला मांडली होती. तिचा कच्चा, कडवट वास आला आणि केळझरच्या घरातला तो आश्विन आठवला. पाऊस संपून ऊन अंगावर आलं होतं. बँकेच्या परीक्षेचा पुन्हा अभ्यास करताना माझं अंग गळून जायचं, वाचलेलं डोक्यात राहायचं नाही, पण एका जागी बसवायचंही नाही. मी अंगणात नुसत्या चकरा मारायची. बाबा रोज सकाळी कडुलिंबावरची गुळवेल काढून, ठेचून काढा उकळायचे आणि आधी स्वतः घोटभर पिऊन दाखवायचे. त्या दिवशी पेला पुढे करत ते म्हणाले, "पेऊन घे, थकवा जाईन." मी पेला घेतलाच नाही. "बाबा, मले हे परीक्षाच नाई द्याची," तोंडातून निघून गेलं. त्यांनी पेला खाली ठेवला. "मंग आंधीच काऊन नाई सांगितलं वं? मी या वयात रोज लिंबावर चढून राह्यलो वेल काढाले!" मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. अंगातला शीण पुढेही बरेच दिवस राहिला, पण त्या सकाळी मी त्यांच्याशेजारी बसून पोटभर जेवले. आता माझं शिवणकामाचं दुकान आहे. दमले की दमले म्हणते आणि शटर ओढून घरी जाते.