पहिल्या हौदाचं पाणी

नळांना चकाकी चढवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत. नव्या बाईला काम शिकवायचं ते तिनंच. रसायनातून वर आलेली नळांची जाळी धुण्याच्या तीन हौदांत किती किती वेळ बुडवायची, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. कामाची पाळी संपली की हातमोजे काढून दारालगतच्या पहिल्या हौदात हात धुवायचे, हेही तीच शिकवी. हात धुण्याचे नळ पार संडासापलीकडे, आणि तिथे ही रांग. सुनेला कामाला लावलं तेव्हा तिलाही तिनं हौदच दाखवला.

मग पाणी वाचवायचं ठरलं. आधी प्रत्येक हौदाला वेगळा नळ होता. आता ताजं पाणी फक्त तिसऱ्यात, तिथून दुसऱ्यात, शेवटी पहिल्यात. साहेबांनी फळ्यावर बाण काढून समजावलं. जाळी बुडवायचा वेळ बदलला का, एवढंच मास्तरिणीनं विचारलं. नाही म्हटल्यावर तिचं लक्ष उडालं. महिन्याभरात सांडपाणी निम्म्यावर आलं. पहिल्या हौदात पाणी पूर्वीसारखंच वाहताना दिसे. बायका हात धूत राहिल्या.

पुढे सून भांडी घासायला टाळाटाळ करू लागली. हात चुरचुरतात म्हणे. मास्तरिणीचेही चुरचुरत, पण ती कधी बोलली नव्हती. “राणीसाहेबांना घरकाम झोंबतं,” ती शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. सुनेनं भांडी घासली.

एका सकाळी सुनेला लेकीच्या फ्रॉकची बटणं लावता येईनात. मास्तरिणीनं तिचा हात ओढून उजेडात धरला. पेरांवर मसुराएवढी, गोल, खोल भोकं पडली होती.

रसायनानं मांस खाल्लंय, डॉक्टर म्हणाले. हात कुठे धुता, तेही त्यांनी विचारलं. तेव्हा कुठे फळ्यावरचे बाण मास्तरिणीच्या डोळ्यांपुढे आले: दोन्ही हौदांचं धुवण शेवटी पहिल्यातच.

कारखान्यात साहेबांनी कागद पुढे ओढला. हौदात हात धुवायचे नाहीत हा नियम पहिल्यापासून आहे, ते म्हणाले. नियम मोडला असेल तर उपचाराचा खर्च मिळणार नाही, शिकवणाऱ्यालाही कामावर ठेवता येणार नाही. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. “तुम्हाला हे शिकवलं कुणी?”

“कुणी नाही. माझी मीच धूत होते,” सून म्हणाली.

साहेब लिहू लागले. दोन ओळी होईपर्यंत मास्तरीण त्या पेनाकडे बघत राहिली.

“ती खोटं बोलतेय. मी शिकवलं. हिला, आणि आणखी अकरा जणींना.”

मग तिनं स्वतःचे दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे, पेरांवरची भोकं दिसतील असे.