फुसक्याला भिणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई खुर्ची हातभर मागं ओढून, मान लांब करून कॉम्प्युटर बघायच्या. "जवळ बसा की ताई," मी पहिल्याच दिवशी म्हणालो. "न्हाय रं. आमच्यात जवळ जाऊन बघत न्हाईत." त्यांचं माहेर तेरखेड्याचं, फटाके करणाऱ्यांचं.

तेरखेड्याजवळच्या वाशीतल्या एका छोट्या दवाखान्याची वेबसाइट आम्ही दोघं सांभाळायचो. सर्पदंशावरची लस आज आहे की संपली, हे पहिल्याच पानावर दिसे. शेतातली माणसं मोबाइलवर ते बघूनच निघत. साइटला जोडलेले प्लगइन, म्हणजे छोटे प्रोग्राम, मधूनच आपोआप बदलत. लाल अक्षरांत एरर आली की मी घाबरायचो आणि ताई निवांत. "वाजलं ते. वाजलेल्याचं भ्याव न्हाय. फुसक्याला भ्यावं." फुसका म्हणजे पेटवूनही न वाजलेला फटाका. त्यांचे वडील असाच एक उचलायला गेले आणि उजवा हात गमावून बसले.

एका दुपारी प्लगइन बदलल्याची मेल आली. साइट झकास उघडत होती. "काही बिघडलं नाही," मी म्हणालो. ताईंचा चेहरा उतरला. "आवाज न्हाय व्हय? मग बघायलाच पायजे."

लस सकाळीच संपली होती, तशी नोंदही आम्ही केली होती. पान मात्र सांगत होतं, 'लस उपलब्ध'. मी ते पान बंद करेपर्यंत ताईंनी सरकारी दवाखान्यात फोन लावून लस असल्याची खात्री करून घेतली. तेवढ्यात आमचा फोन वाजला. "बायकुला चावलंय, तुमचं पान बघून निघालोय."

"इकडं येऊ नका! सरकारी दवाखान्यात न्या. लस हाय तिथं, म्या इचारलंय."

फोन तुटला. पुन्हा लागेना. ताई पदराचं टोक मुठीत आवळून उभ्या राहिल्या. मला रडू येत होतं. संध्याकाळी सरकारी दवाखान्यातून कळलं, बाई वाचली. मी हुश्श केलं, पण ताई फोनजवळून हलल्या नाहीत.

"यानं फोन तरी केला. न करता किती निघाले असतील रं?"

ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पुढं ताई लेकीकडं लातूरला राहायला गेल्या. पासवर्ड माझ्या हवाली करताना म्हणाल्या, "सगळं शिकलास. आता भेत जा. तू निवांत बसलास की कुणीतरी चुकीच्या वाटंला लागतंय."

ताई, मी भितो.